प्रवासी माणसाचा लॅपटॉप : ओझे आणि बळ
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्यवसाय-मार्गदर्शन सत्रात केलेले भाषण)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस बोलण्यासाठी जो विषय नेमून दिला आहे, तो ऐकून काही वडीलधाऱ्या मंडळींना नवल वाटले असेल. ज्ञातीच्या व्यासपीठावरून शिक्षण, वसतिगृह, लग्नकार्यातील वायफळ खर्च या विषयांवर बोलावे. लॅपटॉप कोणता घ्यावा हा तर दुकानदाराचा विषय, असे कोणी म्हटले तर ते अगदीच गैर नव्हे. तथापि आपल्या मंडळाची जुनी वहीखाती ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस ठाऊक असेल की आपल्या साहाय्यक निधीतून पूर्वी शिवणयंत्रे दिली गेली, पुढे टंकलेखन यंत्रांसाठी कर्जे दिली गेली. ज्या काळी ज्या साधनावर कुटुंबाची भाकरी अवलंबून, ते साधन गरजूच्या हाती पडावे, एवढाच त्यामागील हेतू होता. आज ते स्थान लॅपटॉपने घेतले आहे. तेव्हा त्याची निवड हा ज्ञातीच्या हिताचाच प्रश्न झाला आहे.

दुसरेही एक कारण आहे. उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे निधी-समितीचा एक ठराव येणार आहे. एकाच जातीची वीस यंत्रे घाऊक दराने घेऊन ती बिनव्याजी कर्जाऊ वाटावी, असा त्याचा आशय असून त्या मसुद्याखाली आमचीही सही आहे. ती सही करताना आम्ही जितका विचार करावयास हवा होता तितका केला नाही, हे येथे मोकळेपणाने सांगण्यासाठीच आम्ही आज उभे आहोत.

आमच्या हातून झालेली चूक

दोन वर्षांपूर्वी बदलापूरच्या एका भगिनीने आपल्या कन्येसाठी निधीकडे अर्ज केला. यजमान निवर्तलेले, पोळीभाजीचे डबे करून घर चालवावयाचे. मुलगी सनदी लेखापालाच्या शिक्षणक्रमात, फोर्टातील एका कार्यालयात आर्टिकलशिप करीत होती. समितीने ८४,००० रुपयांचे कर्ज मंजूर केले आणि महिना २,००० रुपयांचा हप्ता ठरविला. यंत्र निवडण्याचे काम आमच्याकडे आले. कारण या विषयातले आम्हांस थोडेफार कळते, असा मंडळीचा समज होता आणि खरे सांगावयाचे तर तो आमचाही होता.

आम्ही विचार केला, मुलगी हुशार आहे, तिला कमी प्रतीचे का द्यावे? तेवढ्या किमतीत जास्तीत जास्त शक्तीचे यंत्र पाहिले. खेळांसाठी बनविलेले, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेले, साडेपंधरा इंची पडद्याचे ते धूड आम्ही मोठ्या अभिमानाने तिच्या हाती दिले. त्याचे वजन २.४ किलो. त्याच्या चार्जरची वीट ७५० ग्रॅम. हा दुसरा आकडा आम्ही पाहिलाही नव्हता.

वर्षभराने एका लग्नात ती भेटली. यंत्र कसे चालते म्हणून आम्ही कौतुकाने विचारले, तेव्हा ती खाली पाहून म्हणाली, "काका, ऑडिटला जाताना मी ते घरीच ठेवते. लोकलमध्ये बदलापूरपासून व्हीटीपर्यंत ते पाठीवर घेऊन उभं राहिलं की खांदा भरून येतो. आणि पक्षकाराच्या गोदामात प्लग मिळाला नाही तर दोन तासांत बंद पडतं." मग दिवसभर काय करतेस, असे विचारता कळले की ती आकडे कागदावर उतरवून आणी आणि रात्री घरी बसून यंत्रात भरी. एक काम दोनदा! आधीच का नाही सांगितलेस, या आमच्या प्रश्नाला तिने जे उत्तर दिले ते आम्ही अद्याप विसरलो नाही. ती म्हणाली, "मंडळाने दिलेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची?"

बंधुभगिनींनो, मदत घेणाऱ्याला तक्रार करण्याची चोरी असते, ही गोष्ट मदत करणाऱ्याच्या ध्यानात सहसा येत नाही. ती आमच्या ध्यानात त्या दिवशी आली. तेव्हापासून या विषयाचा आम्ही थोडा नेटाने अभ्यास केला. त्याचे सार आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

ओझे आणि बळ यांचे जुने वैर

जे हलके ते दुबळे आणि जे बळकट ते जड, हा या यंत्रांचा जवळजवळ चाळीस वर्षांचा नियम होता. १९८१ साली अमेरिकेत 'ऑसबर्न १' नावाचा, हातात धरून नेता येईल असा संगणक बाजारात आला. त्याचे वजन सुमारे ११ किलो आणि पडदा अवघा ५ इंचांचा! आत बॅटरी नव्हतीच. जेथे न्यावयाचा तेथे विजेची खोबण शोधावयाची. पुढल्याच वर्षी 'ग्रिड कंपास' हे पडदा कळफलकावर मिटणारे यंत्र निघाले. त्याचे वजन सुमारे ५ किलो होते आणि ते अमेरिकेच्या अंतराळयानांतूनही जाऊन आले. तथापि त्याची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती.

१५ जानेवारी २००८ रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे टपालाच्या लिफाफ्यातून 'मॅकबुक एअर' बाहेर काढून दाखविला. त्याचे वजन १.३६ किलो होते. जगाने तोंडात बोटे घातली. परंतु त्या हलकेपणाची किंमतही मोजावी लागली होती. आतील हार्ड डिस्क मंदगती होती, यूएसबीची खोबण एकच, आणि काम वाढले की यंत्र तापून संथ होई. थोडक्यात, डौल होता पण दम नव्हता.

हे वैर खऱ्या अर्थाने मिटू लागले ते अलीकडे. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःची 'एम १' ही चिप घातलेला मॅकबुक एअर आणला. १.२९ किलो वजन, आत पंखाच नाही, आणि तरीही तोपर्यंतच्या कित्येक जाडजूड यंत्रांना मागे टाकील अशी गती. यात जादू काही नव्हती. तेवढेच काम पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी विजेत होऊ लागले. वीज कमी म्हणून उष्णता कमी, उष्णता कमी म्हणून पंखा व तांब्याच्या नळ्या कमी, आणि त्याच विजेवर बॅटरी अधिक तास चालू लागली. २०२४ मध्ये विंडोजवर चालणाऱ्या यंत्रांतही क्वालकॉमच्या 'स्नॅपड्रॅगन एक्स' आणि इंटेलच्या 'कोअर अल्ट्रा २००' मालिकेतील 'व्ही' अक्षराच्या चिप्स आल्या आणि तेथेही हाच पालट दिसू लागला. यास्तव आज हलके व समर्थ यंत्र मिळणे अशक्य नाही. मात्र ते कोणासाठी समर्थ, हे आधी ठरवावे लागते.

वजन कशाचे मोजावे?

दुकानात यंत्र एका हाताने उचलून "हलके आहे" असे म्हणणे म्हणजे रिकामी घागर उचलून विहिरीच्या पाण्याचा अंदाज करण्यासारखे आहे. आपण यंत्र वागवीत नाही, पिशवी वागवितो. त्या पिशवीत यंत्र, चार्जर, वायर, माउस, प्रोजेक्टरला जोडावयाचा अडॅप्टर, कागदपत्रे, पाण्याची बाटली आणि डबा एवढे सगळे असते. म्हणून आमची पहिली विनंती अशी की, यंत्र घेण्यापूर्वी आपली नित्याची पिशवी भरून घरच्या वजनकाट्यावर ठेवावी.

साधारण प्रमाण सांगावयाचे तर १४ इंची पडद्याची चांगली प्रवासी यंत्रे १.२ ते १.४ किलोच्या घरात असतात. काही महागडी यंत्रे एक किलोच्याही आत येतात. १६ इंचांची बहुतेक दीड किलोच्या वर, दोनच्या आसपास जातात. खेळांची यंत्रे सव्वादोन-अडीच किलोची. दीड किलोपर्यंतचे यंत्र रोज वागविता येते. दोन किलोंचे आठवड्यातून दोन दिवस. त्यापुढचे यंत्र घरच्या मेजावर ठेवण्यासाठीच घ्यावे. हा कोणत्या शास्त्राचा नियम नव्हे, लोकलने जाणाऱ्या माणसांच्या खांद्यांनी घालून दिलेला आहे.

चार्जरकडे विशेष पाहावे. यूएसबी-सी खोबणीतून चार्ज होणारे यंत्र असेल, तर ६५ वॉटचा एक छोटासा चार्जर यंत्राला व मोबाईलला दोन्हींना पुरतो आणि तो विसरला तर कोणाचाही मागून घेता येतो. युरोपीय संघाने २८ एप्रिल २०२६ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या लॅपटॉपांना ही खोबण कायद्याने आवश्यक केली, यावरून वाऱ्याची दिशा समजावी. ज्या यंत्राला दोनशे वॉटची स्वतंत्र वीट लागते, ते प्रवासाचे यंत्र नव्हे, हे आता आम्ही शिकलो आहो.

बळ कशाला म्हणावे?

बळाविषयी सर्वांत मोठा गैरसमज हा की ते एका आकड्यात मावते. शंभर पावले वाऱ्यासारखा धावणारा मुलगा आणि आळंदीपासून पंढरीपर्यंत पायी वारी करणारा म्हातारा, यांत बळकट कोण? पातळ यंत्रांपैकी काही पहिली दोन-चार मिनिटे अतिशय वेगाने चालतात. पुढे तापली की स्वतःला वाचविण्यासाठी आपली गती आपणच कमी करतात. पत्रव्यवहार, हिशेबाचे तक्ते, इंटरनेट यांना असा थोड्या वेळाचा वेग पुरतो. चित्रफितींचे संपादन, इमारतींचे आराखडे, मोठी गणिते यांना वारकऱ्याचा दम लागतो. त्यांनी पंखा असलेले, किंचित जाड यंत्र घ्यावे आणि दुकानात दोन मिनिटे नव्हे तर अर्धा तास ते काम करून पाहावे.

चिपच्या नावातील शेवटचे अक्षरही बोलके असते. इंटेल व एएमडी यांच्या नावांत 'यू' असेल तर ती कमी विजेवर चालणारी, प्रवासाला योग्य. 'एच' किंवा 'एचएक्स' असेल तर अधिक वीज खाणारी, अधिक जोरकस. 'आय ५' की 'आय ७' एवढेच विचारून दुकानातून परतणारा गिऱ्हाईक अर्धीच चौकशी करून आलेला असतो.

आता रॅमविषयी. रॅम म्हणजे कामाचे मेज होय. मेज लहान असले की एक वही ठेवण्यासाठी दुसरी उचलावी लागते आणि त्यातच वेळ जातो. हलक्या यंत्रांपैकी पुष्कळांत ही रॅम मुख्य पट्टीवर डाख देऊन बसविलेली असते. मागाहून ती वाढविता येत नाही. म्हणून घेतानाच १६ जीबी घ्यावी. ॲपलनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅकबुक एअरची किमान रॅम ८ वरून १६ जीबी केली. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर चढले आणि ८ जीबीवर भागवून नेण्याचा मोह बळावला. परंतु पाच वर्षे वापरावयाच्या वस्तूत हा मोह महागात पडतो. साठवणीचे तसे नाही. ५१२ जीबीची एसएसडी बहुतेकांना पुरते आणि न पुरल्यास बाहेरून जोडता येते. सारांश, पैसे कमी पडले तर साठवणीत काटकसर करावी, रॅममध्ये करू नये.

कोणास काय हवे?

आपल्या ज्ञातीतील चार-पाच व्यवसाय घेऊ.

लेखापाल व करसल्लागार यांचे काम एक्सेल, टॅली आणि सरकारी संकेतस्थळे यांवर चालते. त्यांना स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची मुळीच गरज नाही. १४ इंच, १६ जीबी, दीड किलोच्या आत, आणि दिवसभर टिकणारी बॅटरी, एवढे पुष्कळ झाले. मात्र टॅली विंडोजसाठी बनविलेली आहे, हे ध्यानात ठेवून मॅककडे वळण्यापूर्वी दहादा विचार करावा. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचीही गोष्ट तीच. स्नॅपड्रॅगनची यंत्रे बॅटरीला फार टिकाऊ. परंतु त्यांची जडणघडण वेगळी असल्याने यंत्राच्या गाभ्याशी बोलणारे ड्रायव्हर त्यांच्यासाठी निराळे लिहिलेले असावे लागतात. तेव्हा आपले टोकन, आपला प्रिंटर व जुना मराठी टंक-संच त्यावर चालतो की नाही, हे दुकानातच लावून पाहावे आणि मगच पैसे मोजावे.

वास्तुशास्त्र व अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांची अडचण खरी आहे. 'रेव्हिट' व 'सॉलिडवर्क्स' विंडोजवरच चालतात आणि त्यांना दमदार चिप व ग्राफिक्स लागते. त्यांनी ३२ जीबी रॅमचे, १.६ ते १.९ किलोच्या दरम्यानचे यंत्र पाहावे. अथवा हलके यंत्र सोबत ठेवून जड काम महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करावे. दुसरा मार्ग स्वस्त असून आमच्या मते पहिल्या दोन वर्षांसाठी शहाणपणाचाही आहे.

फिरते विक्रेते, विमा-प्रतिनिधी, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी यांना बळापेक्षा बॅटरी आणि प्रकाश महत्त्वाचा. उन्हात, मोटारीत, गिऱ्हाइकाच्या पडवीत पडदा दिसला पाहिजे. पडद्याची उजळता 'निट' या मापाने सांगतात. ३०० निट घरात पुरते, बाहेर वावरणाऱ्याने ४०० किंवा अधिक पाहावी, आणि पडदा आरशासारखा चकाकणारा नसावा.

लेखक, पत्रकार, शिक्षक यांनी कळफलकावर बोटे ठेवून एक पानभर मजकूर लिहून पाहिल्याशिवाय यंत्र घेऊ नये. मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज व मॅक दोन्हींत अंगचाच असतो. प्रश्न असतो तो कळांच्या खोलीचा. अतिपातळ यंत्रांत कळ खाली गेली की नाही हे बोटाला कळत नाही आणि तासाभराने मनगट दुखू लागते.

प्रवासातील वीज

कंपनी सांगते त्या तासांवर विसंबू नये. १८ तास, २० तास हे आकडे बहुधा पडदा मंद ठेवून, चित्रफीत लावून मोजलेले असतात. हिशेब आपणच करावा. तो चौथीच्या मुलालाही जमेल. बॅटरीची क्षमता वॉट-अवरमध्ये दिलेली असते. ५५ वॉट-अवरची बॅटरी असून साधे लिहिण्या-वाचण्याचे काम ५ ते ६ वॉट खात असेल, तर नऊ ते अकरा तास मिळतात. त्याच यंत्रावर चित्रफीत-संभाषण लावले आणि खर्च ११ वॉटवर गेला, तर पाच तास. आम्ही त्या मुलीला दिलेले यंत्र स्वस्थ बसूनच वीस-पंचवीस वॉट खात होते. दोन तासांत ते बंद पडे, यात त्या बिचाऱ्या यंत्राचा काय दोष?

विमानाने जाणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी हातसामानात नेता येते. त्यापुढे १६० पर्यंत विमानकंपनीची परवानगी लागते. बहुतेक लॅपटॉप या मर्यादेच्या आतच असतात. पॉवर बँक मात्र चेक-इन सामानात टाकता येत नाही, ती हातातच ठेवावी लागते. आणि तिच्यावरील मिली-अँपिअर-अवरला ३.७ ने गुणून हजाराने भागले की वॉट-अवर निघतात. २०,००० ची पॉवर बँक म्हणजे ७४ वॉट-अवर. देशांतर्गत विमानांत हातसामानाची मर्यादा सामान्यतः ७ किलोंची असते. त्यात तीन-सव्वातीन किलो यंत्र व वीट यांनीच खाल्ले, तर कपडे कोठे ठेवावयाचे?

बॅटरी टिकवावयाची असेल तर यंत्र उन्हात तापलेल्या मोटारीत ठेवू नये आणि नेहमी मेजावर जोडून ठेवीत असाल तर ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबविण्याची सोय पुष्कळ यंत्रांत असते, ती वापरावी. लिथियमच्या बॅटरीला उष्णता आणि सततचा पूर्ण भरणा, दोन्ही म्हातारपण आणतात.

मजबुती, दुरुस्ती आणि जुने यंत्र

"सैनिकी कसोटीस उतरलेले" अशी जाहिरात पुष्कळ यंत्रांवर असते. 'मिल-एसटीडी-८१०' हे अमेरिकन सैन्याचे कसोट्यांचे पुस्तक आहे खरे. परंतु त्यांतील कोणत्या कसोट्या घ्यावयाच्या ते बहुधा कंपनीच ठरविते. म्हणून त्या शब्दांनी दिपून न जाता बिजागरी हलवून पाहावी, पडद्याच्या पाठीवर हलके दाबून पाहावे, आणि आपल्या जिल्ह्याच्या गावी सेवाकेंद्र आहे का, घरी येऊन दुरुस्ती करतात का, याची चौकशी करावी. रत्नागिरीच्या माणसाने यंत्र दुरुस्तीला मुंबईस पाठविले की त्याची दोन आठवड्यांची कमाई बुडते.

ज्यांची ऐपत बेताची, त्यांस आम्ही आग्रहाने सांगतो की, स्वस्तातले नवे यंत्र घेण्यापेक्षा मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून परत केलेले, तपासून दुरुस्त केलेले व्यावसायिक प्रतीचे यंत्र पुष्कळदा अधिक चांगले असते. मात्र तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, बॅटरीचा अहवाल : मूळ क्षमता किती आणि आज पूर्ण भरल्यावर किती, हे विंडोजमधून काढता येते. दुसरी, विंडोज ११ चालण्याची पात्रता : विंडोज १० चा नियमित सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीची बहुतेक यंत्रे विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. तिसरी, लेखी हमी व पावती. पावतीवाचून स्वस्त मिळालेले यंत्र कोणाच्या घरातून आलेले असेल, हे सांगता येत नाही.

ठरावाविषयी

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. एकाच जातीची वीस यंत्रे घाऊक घेतल्यास काही रक्कम वाचेल, यात शंका नाही. परंतु वीस अर्जदारांत लेखापाल आहे, वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी आहे, औषधांचा फिरता विक्रेता आहे, घरी बसून भाषांतरे करणारी गृहिणी आहे. त्या सर्वांस एकच यंत्र देणे म्हणजे सर्वांस एकाच मापाची पादत्राणे देणे होय. ज्याला चावतील तो काही बोलणार नाही. तो अनवाणी चालेल आणि हप्ता मात्र नियमित भरील. त्या मुलीने भरलाच की.

म्हणून आमच्याच मसुद्याला आम्ही उद्या तीन दुरुस्त्या सुचविणार आहो. पहिली, मंडळाने रक्कम द्यावी, यंत्र देऊ नये. ज्याच्या खांद्यावर ते वागवावयाचे त्यानेच ते निवडावे. दुसरी, अर्जासोबत एक पानाची टिपणी घ्यावी : रोज कोणते काम, किती तास, प्रवास कोठून कोठवर आणि कशाने, वीज कोठे मिळते, कोणत्या प्रणालीवाचून अडते. या पाच प्रश्नांची उत्तरे लिहिता लिहिताच अर्जदारास आपले यंत्र दिसू लागेल. तिसरी, समितीतील दोन जाणत्या सभासदांनी, शक्य तर तरुणांनी, अर्जदाराबरोबर दुकानात जावे. सल्ला द्यावा, निर्णय देऊ नये. आणि दोन महिन्यांनी आपण होऊन विचारावे की, बाळ, वस्तू ठीक आहे ना? हे विचारणे ठरावात लिहिता येणार नाही, पण ते करावे.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. ते जड यंत्र विकले तेव्हा ४५,००० रुपये आले. कर्जाचे ६०,००० रुपये अद्याप फिटावयाचे होते. आलेल्या रकमेतून तिने स्वतः हिंडून, बॅटरीचा अहवाल तपासून, १४ इंची, १.४ किलोचे एक वापरलेले यंत्र ३८,००० रुपयांना घेतले आणि उरलेले ७,००० त्याच दिवशी निधीत आणून भरले. यंत्रविक्रीत जी तूट आली ती चूक आमची असल्याने आम्ही ती सोसण्याची तयारी दाखविली. तिच्या मातोश्रींनी ते मानले नाही. पुष्कळ आग्रहानंतर तडजोड अशी झाली की उरलेल्या हप्त्यांपैकी निम्मे आम्ही भरावे. गेल्या महिन्यात ती कोल्हापूरकडे एका साखर कारखान्याच्या हिशेबतपासणीस गेली होती. गाडीत बसूनच तिने अर्धे काम उरकले, असे तिच्या मातोश्रींनी आम्हांस कळविले.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाटात जुने पण चालते यंत्र धूळ खात पडलेले असेल. त्यातील आपली माहिती पूर्णपणे पुसून ते मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावे. शाळकरी मुलांना ते पुरेल.